पिशवी कोणापाशी ठेवली
हसू नका, खरं सांगतो. राज्यं नव्यानं पाडली अन् आपला जिल्हा आंध्रात गेला, तवाची गोष्ट. शाळेचे कागद घेऊन मी आपल्या तलमडुगू गावाहून एकटाच हैदराबादले गेलो. स्टेशनवर बाकावर बाजूची म्हातारी माह्याशी तेलुगूत बोलून राह्यली होती, मले काही समजे ना. मले वाटलं, हिचा डोळा माह्या पिशवीवर आहे. तेवढ्यात एक जण म्हणाला, “काय भाऊ, कुठचे तुमी?”

मराठी ऐकून जिवात जीव आला. म्हातारीच्या देखत पिशवी त्याले दिली. “धरा जराशी, पाणी पिऊन येतो. या बाईचा भरवसा नाही.”

परत आलो, तर तो बी नाही, पिशवी बी नाही. म्हातारी मात्र बाकावर विसरलेली माही भाकरी मांडीवर घेऊन बसलेली.

एक हमाल मोडक्या मराठीत म्हणाला, “कुत्रं नेईल म्हणून उठलीच नाही. तिची गाडी गेली.”