मांडवातून गेलेला रस्ता

आमच्या हिनं, म्हणजे सुनंदानं, एकदा ठरवलं की मी मधे बोलत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पाय मोडून ती कित्येक महिने पलंगावर होती, तेव्हा मोबाईलच्या मॅपवर तिनं गोंदियाहून नवेगाव बांधचा रस्ता आखला. हायवे टाळून, जंगलाच्या कडेनं, थेट तलावापर्यंत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्याच रविवारी मला म्हणाली, "गाडी काढा."

सौंदडच्या पुढे एका गावात मॅप म्हणाला सरळ जा, आणि समोर रस्त्यावरच लग्नाचा मांडव. आत पंगत बसलेली. मॅपनं दुसरा रस्ताही दाखवला.

"वळवतो," मी म्हटलं.

"काऊन? पडल्या पडल्या मी रोज हाच रस्ता पाहिला. इथूनच जाईन मी."

ती उतरली आणि लंगडत मांडवात शिरली. मी बाईक ढकलत मागे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, तुमी नवरीकडच्या का नवरदेवाकडच्या?"

"कोणाकडचीच नाही, काका. नवेगावचा तलाव पाहाले जाऊन राहिली. माझा रस्ता इथूनच जाते."

त्यानं तिच्या पायाकडे पाहिलं आणि पंगतीकडे वळून म्हणाला, "सरका बाप्पा, पत्रावळ्या आवरा. बाईले जाऊ द्या."

पंगत दोन्हीकडे सरकली, आणि आम्ही मधून निघालो.

तलावाच्या काठावर ती पाण्याकडे पाहत बसली होती. डोळे भरलेले. मी विचारलं, "झालं ना मनासारखं?"

"झालं," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी दरेकसा. तो रस्ताही आखून ठेवला आहे."