माझ्या डोळ्यावर लागलेली पैज

सन्माननीय अध्यक्ष, आपले गावप्रमुख कॅप्टन अनास्तासियो. व्यासपीठावर विराजमान फादर सेवेरिनो. इस्पितळातून आलेली पाहुणेमंडळी. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या डोळ्यांच्या डोक्तोरा हेर्मिनिया. आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, मागे माडी घेऊन उभे आहेत ते बंधूही त्यातच आले.

मला भाषण येत नाही. मला झुंजीच्या कोंबड्याच्या पायाला पातं बांधता यायचं. पण कॅप्टन मोठ्या भावाला हाक मारावी तसे म्हणाले, "मानोंग निकानोर, डोळा तुझा, तेव्हा बोलायचंही तूच." आता नाही म्हणायला तोंड आहे का मला?

मी उभा राहिलो तेव्हा मंडळी हसली. हसा. गेली सहा वर्षं फिएस्ताच्या दर जत्रेला हसतच आहात. पाहुण्यांना मात्र कारण कळायला हवं, म्हणून सांगतो.

पातं बांधताना कोंबड्यानं लाथ झाडली आणि ते थेट माझ्या उजव्या डोळ्यात शिरलं. डोक्तोरांनी विचारलं, "माझी बोटं किती?" मी म्हटलं, "बोटं आहेत होय?" नुसता उजेड कळत होता. त्यांनी जखम शिवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोला, पुरिंगला, जवळ बसवून सगळं सरळ सांगितलं. "मागचा पडदा सुटलाय. पण उजेड कळतोय, जखम चिघळलेली नाही. अशा शंभर डोळ्यांतले पंधराएक पुन्हा चांगलं बघायला लागतात. आणखी एक ऑपरेशन करू."

पुरिंगनं ऐकलं आणि छातीवर क्रूस काढला. पण खाटेभोवती आपली झुंजीवाली मंडळी उभी होती ना! शंभरात पंधरा म्हटल्यावर आपल्यासारख्यांना काय ऐकू येतं? हा कोंबडा हरणार!

संध्याकाळपर्यंत निम्म्या गावानं पैज लावली. डोळा जाण्यावर. अध्यक्ष महाशय, छताकडे बघू नका, आपला बोकड होता. फादर, आपण काही लावलं नाहीत, पण कुणी काय लावलं याची चौकशी आपण केलीत, असं कानावर आलं होतं.

आणि मी? मी माझी गाभण डुकरीण लावली. माझाच डोळा जाण्यावर! डोळा तर जाणारच, मग हाताला काहीतरी लागू दे. तेव्हा मला ते मोठं शहाणपण वाटलं हो. पुरिंग म्हणाली, "अहो, स्वतःच्या डोळ्याविरुद्ध? डोक्यात काय भुसा भरलाय?" मी म्हटलं, "तुला यातलं कळत नाही, गप्प बस."

पण पैजेला समोरचा लागतो. आपला टिबुर्सियो, पैजा जुळवणारा, हात वर करून वॉर्डापर्यंत ओरडत फिरला, "डोळा येतो म्हणणारा कुणी आहे का?" कुणी नव्हतं. मग एके दिवशी धापा टाकत आला. "लागली! तुझ्या डुकरिणीसमोर एक स्कूटर!" कुणाची, ते सांगेना. मी मनात म्हटलं, कोण हा गाढव?

दुसरं ऑपरेशन झालं. डोळ्यात वायू भरला होता. डोक्तोरांनी बजावलं, "आठवडाभर तोंड खाली. जेवताना खाली, झोपताना खाली. वायू वर चढून पडदा दाबून धरेल, तर तो चिकटेल." घरी आणल्यावर पुरिंगनं खांबांवरच्या आमच्या घराच्या बांबूच्या जमिनीतली एक पट्टी काढली आणि मला त्या फटीवर पालथं घातलं. घराखाली पोरं जमली. "मानोंग, अंडी शोधताय का?"

दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी उठून शेजाऱ्यांबरोबर माडी प्यायला बसलो. जाणाऱ्या डोळ्यासाठी कशाला मान मोडून घ्यायची? शिवाय उरलेल्या डोळ्यासमोर स्कूटर दिसत होती ना!

तेवढ्यात डोक्तोरा आल्या. हमरस्त्यापासून चालत, घामानं निथळत, चपला चिखलात. मला बघून ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मानोंग, उठून बसलात? माझी स्कूटर घालवता का?"

पुरिंगच्या हातातला भाताचा डाव पडला.

"तुमची?" मी म्हटलं.

"नाहीतर मी चालत का आले असते? पैजेची वस्तू आधी पंचाच्या अंगणात ठेवायची, ही तुमचीच रीत ना?"

"पण डोक्तोरा, शंभरात पंधरा तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले. तुमच्याशी खोटं नव्हतं बोलायचं."

"मग लावलीत कशी?"

"मानोंग, त्या डोळ्याच्या बाजूनं कुणीच नव्हतं. त्याचा मालकसुद्धा नव्हता."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. शेजारी गुपचूप उठून गेले. मी पालथा झालो तो आठवडा संपेपर्यंत उठलो नाही. खाली पोरं हसत होती आणि मी त्या फटीत रडत होतो. डोळ्यासाठी नाही, लाज वाटली म्हणून. ज्या गाढवाला मी हसलो होतो, त्या ह्या होत्या.

डोळा आला. पाती बांधण्याइतका नाही, पण माणसं ओळखण्याइतका आला. मी पंचाच्या अंगणातून डुकरीण घेऊन इस्पितळाच्या दारात गेलो. वाटलं, नको म्हणतील. छे! दोरी हातात घेतली. "पैज म्हणजे पैज," म्हणाल्या, आणि शिपायाला हाक मारून तिला मागून ढकलत नेलं. आपला मान कसा राखायचा, हे या बाईंना कळत होतं.

त्यानंतर दर तपासणीला त्यांच्यासमोर बसलो की माझी मान आपोआप खाली जाते. त्या हनुवटी धरतात आणि म्हणतात, "मानोंग, तोंड खाली ठेवायचा आठवडा केव्हाच संपला. वर बघा." उद्या त्या लेकीकडे दूर दावाव शहराला निघाल्या. आता माझी हनुवटी धरायला कोण आहे?

कॅप्टननी मला उभं केलं, आपण ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. जिभेवरून काही वेडंवाकडं सांडलं असेल तर या अडाणी माणसाला माफ करा. बोकडाचं बोललो त्याबद्दल अध्यक्षांनीही मोठ्या मनानं माफ करावं.

आणि डोक्तोरा, हा बघा, चांगला डोळा हातानं झाकला. तुम्ही नेहमी झाकायला लावता तसाच. मान वर केली. तिसरी खुर्ची, फुलांच्या मागे. तुम्ही चष्मा काढून रुमाल शोधताय. रुमाल तुमच्या डाव्या हातातच आहे.