शांत, खाण्याचे नखरे नाहीत

—पलंगाखालीही बघा ना, काका, संकोच कसला, आलाच आहात तर बाथरूममध्येही डोकावून या. खोलीत माझ्याशिवाय कुणी राहत नाही. आई काय म्हणाली तुम्हाला फोनवर, रूममेट आहे म्हणाली? तिला तसं मीच सांगितलंय. मी एकटी राहते म्हटलं की तिला झोप लागत नाही, मग दिली एक रूममेट. कशी आहे, विचारते — शांत आहे म्हटलं, उलटून बोलत नाही, खाण्याचे नखरे नाहीत. खोटं काय त्यात? तो बघा, खिडकीशी, स्टुलावरच्या भांड्यात. सोनेरी.

आता हे काय नवीन — पाळीव प्राणी? घर देताना घातलेली अट माझ्या लक्षात आहे, काका, पण पाळीव म्हणजे जो हाक मारली की येतो, नाहीतर निदान चावतो तरी. हा दोन्ही करत नाही. मासा म्हणजे हलणारा शोपीस — फुलदाणी समजा, जरा जास्त ओली. आणि कोण कुणाला पाळतं? सकाळी मी उठले नाही की काचेला तोंड लावून डोळे वटारतो, रविवारीसुद्धा. नियम मी पाळते, पाळत तुम्ही ठेवता, तो नुसता पोहतो.

टकटक नका करू काचेवर. बिचकतात ते. ते म्हणजे — तो. रावसाहेब. नाव नाही हो, असंच आपलं. काडीचं काम न करता दिवसभर रुबाबात फिरतो म्हणून. छे, गप्पा कसल्या — ऑफिसात कुणी काही बोललं तर सांगते, एवढंच. परवा ताप होता तेव्हा स्टूल उशाशी ओढलं होतं, पण ते खिडकीत ऊन येतं म्हणून. रात्री? रात्रीही... काका, तुमच्या पिढीला प्रश्न फार पडतात.

काय? शोपीसच आहे तर खाली तुमच्या दिवाणखान्यात शोभेल? नातू खूश होईल? काका, हात काढा. भांडं खाली ठेवा. ठेवा म्हणते ना.

बरं. पाळीव आहे. झालं समाधान? अट मोडली मी. महिनाअखेर खोली रिकामी करते, दोघंही जातो. आणि आईचा पुन्हा फोन आला तर तिला सांगा, रूममेट आहे, बघून आलो, चांगली आहे.

या आता. दार हळू ओढा — पाणी हिंदकळतं.