पोटातल्या कामाला सुपरवायझर कोण?

...नाय नाय, तुम्हीच सांगा, एवढं मोठं काम आणि त्याला सुपरवायझर नाय? असं कुठं असतं का राव! मी चितेगावच्या कंपनीत सुपरवायझर हाय म्हणून विचारतो. आमच्याकडं साधा बोल्ट काढायचा तरी पहिला नग पास झाल्याबिगर मशीन पुढं सरकत नाय. आणि हितं माझं लेकरू तयार व्हायलंय!

तुम्हाला सांगतो, आमची सुलेखा ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवती. तिला दिवस गेलेत. मागच्या खेपेला सुरुवातीलाच सगळं संपलं होतं, म्हणून यंदा माझ्या जिवाला लई घोर. म्हणलं, "सुलेखा, आत काम नीट चाललंय ना? लक्ष कोण ठेवतंय?" तर म्हणती कशी, "अहो, कुणीच नाही. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार. प्रत्येकीत जनुकांचा तोच अख्खा संच. फक्त हृदयाच्या पेशीत हृदयाला लागणारी जनुकं चालू, नको ती बंद."

म्हणलं, चालू-बंद करतं कोण? सुपरवायझर कोण?

"जनुकंच एकमेकांना चालू-बंद करतात. आधी अंड्यात आईकडून आलेल्या सूचनांवर भागतं, मग पेशी शेजारणींचे निरोप घेऊन ठरवतात, आपण कोण व्हायचं ते."

शेजारणींचे निरोप! अहो, आमच्या गल्लीत शेजारणींच्या निरोपावर आजवर एक काम धड झालं नाय, भांडणं तेवढी झाली!

आमची आई, मनकर्णाबाई, मेथी निवडत ऐकत होती. तिनं त्यातलं 'आईच्या सूचना' तेवढं उचललं. "बघ! मी काय येगळं सांगत व्हते? आईचंच ऐकावं लागतं!" म्हणलं, आई, त्या सूचना सुलेखाच्या. "मग सुलेखाला सूचना कोण देतं? मीच की!" झालं! पपई बंद, स्कूटी बंद, जिना बंद... जनुकं राहिली बाजूला, आमचंच घर चालू-बंद व्हायलं!

मग मीबी मागं कशाला राहू? चहाच्या सुट्टीत फोन लावायचो. "काम कुठवर आलं? बोटं झाली का?" "अहो, मी वर्गात आहे! आणि बोटं पुढं होतील. आधी हात वल्ह्यासारखा सपाट असतो, मधल्या पेशी आपणहून मरतात, मग बोटं सुटी होतात." आपणहून! ना नोटीस, ना युनियन! आमच्याकडं एकाला पॅकिंगमधून डिस्पॅचला हलवलं तर गेटवर घोषणा सुरू होतात. आणि त्या बिचाऱ्या पेशी बोटांसाठी जीव देतात... मग सुपरवायझर कोण, सांगा ना?

आज सोनोग्राफी. म्हणलं, मी आत येणार, पहिला नग माझ्यासमोर पास व्हायला पाहिजे. डॉक्टरीणबाई पडद्याकडं बघत यंत्र हिकडं-तिकडं फिरवायल्या. सुलेखानं माझं मनगट असं आवळलं की अजून दुखतंय. "मॅडम... चालू हाय ना?" तर काळ्या पडद्यावर एवढंसं काहीतरी लुकलुक, लुकलुक...

"ठोके चांगले आहेत."

रडलो बघा. युनिफॉर्मवर, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि ढसाढसा रडलो! लाज कसली त्यात? म्हणलं, "मॅडम, हे चालू कुणी केलं?" "कुणी नाही. वेळ झाली, सुरू झालं." "कुणी सांगायला नव्हतं?" "नव्हतं."

मग नाक पुसलं, आवाज जरा सुपरवायझरचा काढला. म्हणलं, "मॅडम, पुढच्या कामात माझ्याकडं काय जबाबदारी?"

बाईंनी मान वर केली नाय. "तुमचं काम झालंय कधीच. आता बाहेर बसा."

...म्हणून आलो तुमच्यात. सरका जरा, बसू द्या.