वरची आधी का खालची आधी

...अन् वर मलाच इचारतंय, वरची आधी का खालची आधी? तुमाला सांगतो, मी पेठचा साधा माणूस. धाकट्या बहिणीच्या, हर्षालीच्या लग्नाची शूटिंग घरच्या कॉम्प्युटरवर डीव्हीडीत भरायची, एवढंच काम. लावून बघतो तर जो हालंल त्याच्या कडंला कंगव्याच्या दात्यांवानी रेघा! दुकानदार म्हनला, भाऊ, टीव्हीचं चित्र दोन फेऱ्यांत येतं, आधी एकाआड एक रेघा, मागनं मधल्या. तुमी प्रोग्रेसिव करा, सगळं एकदम येतंय. केलं. तर निम्म्या रेघाच गायब, लेझीमवाले उचकी लागल्यावानी नाचाय लागले. मंग आलो जुन्या दोन फेऱ्यांवर, तर हे कॉम्प्युटर इचारतंय, वरची रेघ आधी का खालची आधी? आता आमच्यात पालखी कायम वरच्या आळीत आधी जाती, उलटं केलं तर वरीसभर कुनी कुनाशी बोलत न्हाई. मी मानानं वरची दाबली. काय चुकलं माझं?

डीव्हीडी गेली राजुरीला, हर्षालीच्या सासरी. चौथ्या दिवशी बोलावणं! कोचावर मधोमध बसवलं, इकडं दाजी, तिकडं त्यांचे चुलते, पुढं सगळी भावकी, उठायची सोय न्हाई. तिची सासू प्रयागबाई म्हनती, "बघा पावणं. हार घालताना मागं सरती. मनात नव्हतं का पोरीच्या?" बघतो तर खरंच, पुढं, मागं, पुढं, मागं... अवो, रेघांचा क्रम उलटा लागला की नंतरची हालचाल आधी दिसती! पण हे सांगावं कुनाला? हर्षाली सैपाकघराच्या दारात, डोळं भरल्यालं. लई वाईट वाटलं राव. म्हनलं, "मावशी, ती न्हाई सरली, मी सरकवली." तर म्हनती, तुमी तर तवा पंगतीत वाढत व्हता.

घरी आलो, खालची आधी केली, पुन्हा राजुरी, पुन्हा तोच कोच. लावली... हर्षाली सरळ चालत आली, हार घातला, हसली सुदिक! दारातली हर्षाली बी हसली. सुटलो म्हनलं, उठाय लागलो.

"थांबा पावणं," प्रयागबाई म्हनली. "नवरी बरी झाली. पण आमच्या सूरजचे हात अजून थरथरत्यात, तेवढं बी काढा."

बघतो तर खरंच, समदं चित्र स्थिर, फकस्त दाजींचे हात... दाजी खाली बघत्यात, हर्षाली तोंडाला पदर लावून हसती. आता ते लग्नात खरंच थरथरत व्हते, हे कसं सांगू? पोरीकडच्या माणसानं न्हाई म्हनायचं नसतं. करतो, म्हनलं.

तिसरी डीव्हीडी घालून बसलोय, अन् ते पुन्हा इचारतंय, वरची आधी का खालची आधी... दाजींचे हात थांबवाया कुठं दाबायचं, ते काय इचारत न्हाई.