ठसक्यानं हरलेली लढत

चांगल्या सवयीनं माणूस कसा हरतो ते ऐका. आमची सून सायली बँकेतून सुटली की अंधेरीत कुस्ती, ठोसे आणि गळा आवळणं असं सगळं एकत्र शिकते. ते सुरू झाल्यापासून घरात तिच्याशी कोणी वाद घालत नाही.

तिथला नियम साधा आहे. हार मानायची तर समोरच्याच्या अंगावर हातानं थापटायचं, की पंच लढत थांबवतात. मालाडच्या रेश्मानं सायलीला आजवर प्रत्येक वेळी हरवलं होतं. परवा मात्र सायलीनं तिची मान काखेत अशी धरली, की माझ्याबरोबर लढत बघायला आलेली माझी बायको पेढ्यांचं बोलू लागली. तेवढ्यात रेश्माला ठसका लागला. आमच्या घरच्या वळणाप्रमाणे सायलीनं मोकळ्या हातानं लगेच तिच्या पाठीवर थापटलं.

पंचांनी रेश्माला विजयी ठरवलं.

"अहो सर, हरत मी होते," रेश्मा खोकत म्हणाली.

"पण थापटलं कोणी?"

संध्याकाळी सायली तिलाच घरी चहाला घेऊन आली. हसताना रेश्माला पुन्हा ठसका लागला. सायलीचा हात वर गेला आणि तिथेच थांबला.

"थापट गं," बायको म्हणाली, "इथे पंच नाहीत."