लोणच्याला लागलेला हात

तर मंडळी, ऐका! आजचा प्रश्न अगदी साधा – अन्न बाटतं कशाने? शिवल्याने! बरोबर? बघा, पुढच्या आजींनी लगेच मान हलवली! पण शिवलं कोण, हे कसं ओळखायचं?

कोकणात कोंडसर नावाचं गाव. तिथल्या द्वारकाकाकू. रामाच्या उत्सवात नैवेद्याच्या पानावर लोणचं असायचं ते काकूंचंच! दुसऱ्या कुणाचं वाढलं, तर काकू रामाशीसुद्धा अबोला धरतील – असा दरारा! आणि सोवळं? कडकडीत! लोणचं असायचं माळ्यावर; सून शलाका नुसती माळ्याच्या शिडीजवळ गेली, की काकू ओरडायच्या, "लांब हो! हात लावू नकोस!"

एका उन्हाळ्यात काय झालं, चिनी मातीची बरणी काकूंना उचलेना. घराला नुकताच रंग दिलेला. रंगाची रिकामी बादली पडून होती – पांढरीशुभ्र, घट्ट झाकणाची आणि फुकट! हसताय काय? तुमच्या मोरीत नाही का एक?

शलाका म्हणाली, "आई, ती खायच्या वस्तूंसाठी नसते हो."

"चिंचेने घासलीय! गोमूत्र शिंपडलंय! वर तुळशीचं पान ठेवलंय! आता काय मुंज करू तिची?"

अहो, गोमूत्र वरवर शिंपडलं! बादलीच्या प्लास्टिकच्या अंगात मुरलेला रंग कसा जाणार? तेल, मीठ आणि आंबट कैरी – तिघं मिळून बादलीतलं नको ते ओढून घेऊ लागली! त्यात माळ्यावर पत्र्याची धग! काकू खाली पहारा देतायत, माणसं हाकलतायत – आणि चोर आत, फोडींना मिठी मारून!

उत्सव आला. नैवेद्य झाला. राम काही बोलला नाही. देव बोलत नाहीत, म्हणून तर आपलं चालतं! मग पंगत बसली. सदूभटजींनी फोड चोखली आणि डोळेच मिटले.

"कसं झालंय?" काकू वाकून म्हणाल्या.

"काकू, दोन हात दिलेत की तीन?"

काकू भडकल्या! "एकाचाही हात लागू दिलेला नाही मी लोणच्याला!"

"तसं नव्हे हो! रंगाचे हात विचारतोय! भिंत चाटल्यासारखं लागतंय!"

पंगत खो खो हसली. काकू मात्र रामाच्या पानाकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले. ज्याच्यासाठी पोरीला वर्षभर झिडकारलं, त्यालाच आपण हे वाढलं! फार लागलं हो त्यांच्या मनाला.

घरी आल्या. शलाका बादली उतरवायला धावली.

"लांब हो! हात लावू नकोस!"

शलाका जागीच थबकली.

"ओवळी आहे ती मेली! तू बरणी काढ. आणि यंदा कैऱ्या तूच चीर – तुझ्या हाताने!"

तर मंडळी, माणसाच्या हाताने अन्न बाटत नाही! कळलं? पटलं? वा, सगळ्यांच्या माना हलल्या! आता प्रसादाचा शिरा येतोय, कढईतून उतरलेला, वाफाळता. घरी न्यायला प्लास्टिकच्या पिशव्या कुणी कुणी आणल्यात? अहो मावशी, पदराखाली काय लपवताय? बाजूला ठेवा त्या, आणि करा ओंजळ पुढे! भाजलं तर रामनाम घ्या – तेवढंच आज तुमच्या तोंडून मनापासून निघेल!